बर्टनसाहेब, आम्ही जागेच आहोत

आमच्या लहानपणी कोटा म्हणजे फरशी. हिरवट, गुळगुळीत, उन्हाळ्यात पोट टेकून झोपायची. लग्न झाल्यावर कळलं की कोटा म्हणजे साडी पण असते, आणि पोरगी दहावी पास झाल्यावर कळलं की फरशी आणि साडी दोन्ही फारच स्वस्त होत्या.

आम्ही लातूरचे. अख्खा महाराष्ट्र पोरं घेऊन आमच्या गावात येतो, लातूर पॅटर्न म्हणून, आणि आम्ही आमची पोरगी घेऊन राजस्थानात, कोट्याच्या क्लासला निघालो. पंढरपूरच्या माणसानं तिरुपतीला नवस बोलावा तसं. गल्लीत लोकांनी तोंडावर काही म्हणलं नाही, पण "का हो, इथं सीट मिळाली नाही का?" हे चौघांनी तरी विचारलं. असो, काही वर्षं झाली आता त्याला.

कोट्यात तीन दिवस गादी, बादली, टेबल लॅम्प, मच्छरदाणी, आधारची झेरॉक्स, पुन्हा आधारची झेरॉक्स यात गेले. चौथ्या दिवशी पोरीला हॉस्टेलवर सोडलं, बायको गेटजवळ रडली, मी रिक्षात बसल्यावर रडलो (डोळ्यात धूळ गेली असं सांगून), आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. त्या एका रात्रीसाठी बायको म्हणाली, "अहो, तीन दिवस त्या लॉजमध्ये काढले, आता एक रात्र तरी नीट ठिकाणी राहू." चंबळच्या काठावर ब्रिजराज भवन म्हणून जुनी हवेली होती, कोट्याच्या राजघराण्याची, तिचं हेरिटेज हॉटेल केलेलं. मी फी भरून भरून इतका सुन्न झालो होतो की आकडा बघून काही वाटलंच नाही.

जागा खरंच देखणी. पांढरी इमारत, लांबलचक व्हरांडा, हिरवळीवर मोर, भिंतीवर राजेलोकांचे जुने फोटो, खाली चंबळ. एवढं पाणी एका जागी बघितलं की लातूरच्या माणसाला कसंतरीच होतं, आम्ही २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलेले लोक. व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो, सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात मेव्हण्याचा फोन.

"दाजी, तुम्ही राहताय ते गुगल केलं का?"

नव्हतं केलं. मग केलं. करायला नको होतं.

तर गोष्ट अशी. ही हवेली १८३० च्या सुमाराची, म्हणजे तेव्हाची इंग्रजांची रेसिडेन्सी. इथं मेजर चार्ल्स बर्टन नावाचा पोलिटिकल एजंट राहायचा. १८५७ च्या धामधुमीत तो नीमचला होता, ऑक्टोबरात बायकोला तिकडंच ठेवून दोन पोरांना घेऊन कोट्याला परत आला, आणि १५ ऑक्टोबरला बंडवाल्या फौजेनं रेसिडेन्सीला वेढा घातला. बाप आणि दोन्ही मुलं वरच्या मजल्यावर काही तास अडकून पडली आणि तिघंही तिथंच मारली गेली. इंग्रजांनी शहर परत घेतलं ते थेट मार्च १८५८ ला. बर्टन मात्र त्यानंतरही इथंच आहे म्हणतात. खुद्द कोट्याच्या माजी महाराणींनी त्याला बऱ्याचदा पाहिल्याचं १९८० ला ब्रिटिश पत्रकारांना सांगितलं होतं म्हणे. पांढरे केस, हातात छडी.

आता मला भुताचं तसं वावडं नाही. आमच्या गावाकडं चिंचेखाली मुंजा, विहिरीवर आसरा, सगळ्यांचे पत्ते लहानपणापासून पाठ. त्यांचे नियम पण ठरलेले असतात, नारळ दिला की विषय मिटतो. पण या साहेबाचा नारळाशी काय संबंध? आणि त्याचं काम काय, तर रात्रपाळीचा पहारेकरी डुलक्या घ्यायला लागला की येऊन कानफटात मारायची. बाकी कुणाला काही त्रास नाही. ओरडणं नाही, रक्त नाही, पांढरी साडी नाही. फक्त झोपायचं नाही!

मी हे दोनदा वाचलं. पोरं घेऊन कोट्याला आलेला बाप, जो रात्री कुणाला झोपू देत नाही. अहो, हे भूत कुठंय, हे तर पालक आहे. दहावीच्या वर्षी पहाटे चार वाजता चहाचा कप घेऊन पोरीच्या उशाशी उभा राहणारा मी, आणि हा, यात फरक एवढाच की माझ्याकडं छडी नव्हती. फूटपट्टी होती.

बायकोला सांगितलं नाही. तिला मेव्हण्यानं आधीच व्हॉट्सॅप केलं होतं आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. ती पांघरूण घेऊन म्हणाली, "तो पहारेकऱ्यांना मारतो, तुम्ही कुठं पहारेकरी आहात?" आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. पोरगी सोडून आलेली आई अशी झोपू शकते हे मला त्या दिवशी कळलं. तीन दिवसांचं रडू एकदम संपलं असेल.

मी जागा. छत हे एवढं उंच, त्यामुळं पंखा आपल्याशी बोलल्यासारखा न वाटता वरच्या वर कुणाशीतरी बोलतोय असं वाटतं. मनाशी ठरवलं की भुतं लाईट गेल्यावर येतात, तर लाईट चालू ठेवू. आणि लाईट जायचा प्रश्नच नव्हता, कारण नदीच्या पलीकडच्या काठावर कोट्याचं थर्मल पॉवर स्टेशन आहे, चिमण्या धूर सोडत उभ्या. महावितरणच्या माणसाला हे सुख समजायचं नाही. पण लाईट चालू म्हणल्यावर झोप येईना, बंद केला की बर्टन येईल असं वाटे, आणि साडेबाराला बाहेर कुणीतरी "म्यांऽऽव" असं जीव घेतल्यासारखं किंचाळलं. मी बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचलो तेव्हा लक्षात आलं, मोर. दिवसा मोर म्हणजे राष्ट्रीय पक्षी, रात्री त्याचा आवाज म्हणजे कुणाचातरी खून.

डोळे मिटले की वाटायचं, आता बसतीय. आणि भीती बर्टनचीच होती का हेही नीट सांगता येईना, कारण डोक्यात सगळं भलतंच चालू. पोरीनं मच्छरदाणी नीट खोचली असेल का, मेसची भाजी खाल्ली का, रूममेट कशी असेल, दाराची आतली कडी जरा सैल वाटत होती ती लागली असेल का.

दोनच्या पुढं मला ते सहन होईना. थंडी वाजत होती म्हणून बायकोची पांढरी शाल डोक्यावरून घेतली, पायात हॉटेलच्या सपाता घातल्या आणि व्हरांड्यात आलो. आता इथून पुढं जे झालं त्यात माझी चूक अर्धीच आहे. व्हरांड्याच्या टोकाला खुर्चीवर एक माणूस बसल्या बसल्या मान टाकून झोपलेला. पहारेकरी नव्हे, आमच्यासारखाच पाहुणा, कानटोपी, मांडीवर मोबाईल. माझ्या मनात आलं, बिचाऱ्याला माहीत नसेल, इथं असं झोपणं बरं नाही, सावध करावं. म्हणून हळूच खांद्यावर दोन बोटं ठेवली.

तो माणूस ताडकन उभा राहिला, अटेन्शनमध्ये, आणि डोळे मिटूनच ओरडला, "सॉरी सर!"

मग डोळे उघडले. समोर पांढऱ्या शालीतला मी. मग तो जो ओरडला त्याला दोन मोरांनी उत्तर दिलं.

"काय राजेहो, जीव घेता का?" थोडा श्वास आल्यावर तो म्हणाला. "मले वाटलं आलाच तो!" अमरावतीचा निघाला. मुलाला सोडायला आलेला, त्यालाही त्याच्या साडूनं तीच लिंक पाठवलेली, खोलीत झोप येईना म्हणून बाहेर येऊन बसलेला आणि बसल्या बसल्या डोळा लागलेला. तेवढ्यात खरा पहारेकरी बॅटरी घेऊन पळत आला, टक्क जागा, कडक. प्रकरण ऐकून हसला. "अरे साब, बर्टनसाब मेहमानों को कुछ नहीं करते. जो ड्यूटी पे सोता है, बस उसको."

"हम ड्यूटी पे ही तो है भैया," अमरावतीकर म्हणाला.

मग आम्ही दोघं तिथंच बसलो. बर्टनचा विषय अर्ध्या मिनिटात संपला. त्यापेक्षा भीतीदायक विषय होते: मागच्या वर्षीचा कटऑफ, फीचा दुसरा हप्ता, फिजिक्स. त्यानं मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला, मी पोरीचा दाखवला. त्याचा मुलगा म्हणे आईला फोनवर "मस्त आहे" म्हणतो आणि मग काहीच बोलत नाही. मी म्हणलं, आमचीही तेच म्हणते. नंतर बराच वेळ आम्हीही काही बोललो नाही. पलीकडं थर्मलचे लाल दिवे लुकलुकत होते.

बरोबर चारला माझ्या मोबाईलचा अलार्म वाजला. पोरीला उठवायचा, रोजचा, बंद करायचा राहिलेला. सवयीनं उठून उभा राहिलो, चहा ठेवायला. मग लक्षात आलं आणि परत बसलो. अमरावतीकरानं काही विचारलं नाही. त्याचाही वाजला, सव्वाचारला.

सकाळी आठला नाष्ट्याच्या टेबलावर पोरीचा फोन आला, बायकोनं स्पीकरवर टाकला.

"बाबा, काल साडेनऊला झोपले ते आत्ता उठले. कुणी उठवायलाच नव्हतं ना! आणि मामा म्हणाला तुम्ही भुताच्या हॉटेलात आहात, दिसलं का काही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं असावं. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की समोर टोस्ट होता, बाहेर छान ऊन पडलं होतं, आणि मग खांद्यावर सणसणीत चापट बसली.

"अहो! पोरगी बोलतीय आणि झोपताय काय!"

पलीकडच्या टेबलावरून अमरावतीकर खडबडून उठला आणि म्हणाला, "सॉरी सर."