लिलाव बंद करा, सण नव्हे

ख्रिस्ती समाजातल्या दिखाऊपणावरच्या एका लेखात चर्चमधल्या लग्नांच्या थाटामाटावर बोट ठेवलंय, ते रास्तच. पण नाना पेठ असो की पिंपरी, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, खरा दिखाऊपणा शिरतो तो कापणीच्या सणाच्या लिलावातून. या सणाला देवाचे आभार म्हणून तांदूळ, पपई, कोंबडी, घरचा केक वेदीपुढे आणणं सुंदरच आहे. बिघडतं ते चर्चच्या निधीसाठी त्या वस्तूंवर बोली लागल्यावर. माइकवर नावं पुकारत एक नारळ दोन हजारांवर जातो आणि मागच्या बाकावरची धुणंभांडी करणारी बाई मान खाली घालून बसते. सोन्याच्या अंगठीवाल्याला मानाची जागा देणाऱ्यांना बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सुनावलंय ते याचसाठी!

तीन रविवार आधी प्रत्येक घराला दानासाठी सारखंच, बिननावाचं पाकीट द्या. धान्य-तेल गरजू घरांसाठी बाजूला काढा. भाजी-फळं ठरल्या भावाने त्याच दुपारी विका, नाहीतर सोमवारपर्यंत सडतात. पैसे दोघांनी मोजावेत, त्यातला एक चर्चच्या कमिटीबाहेरचा. फलकावर फक्त एकूण रक्कम लावा. पहिल्या वर्षी जमा घटू शकते, म्हणून छपराची दुरुस्ती या पैशावर अवलंबून ठेवू नका. तिथेच कमिटी कच खाते आणि पुढच्या वर्षी लिलाव परत सुरू होतो.