अँटीबॉडी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं नसतं

पावसाळा लागला की हा मेसेज ग्रुपवर फिरू लागतो: "ताप आला की लगेच डेंग्यूची अँटीबॉडी टेस्ट करा. निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहा. आयजीजी पॉझिटिव्ह आली तर डेंग्यूच, ताबडतोब अ‍ॅडमिट व्हा. कार्डवरची रेघ खोटं बोलत नाही." मी लॅबमध्ये हीच कार्डं, म्हणजे रक्ताच्या थेंबावर झटपट टेस्ट करायच्या पट्ट्या, रोज हाताळते, म्हणून लिहायला बसले.

"निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहा." यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. अँटीबॉडी म्हणजे विषाणू नव्हे. ती आपलं शरीर विषाणूविरुद्ध बनवतं, आणि बनवायला दिवस लागतात. आयजीएम, म्हणजे आधी बनणारी अँटीबॉडी, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडू लागते. काल रात्री तापलेल्या पोराच्या रक्तात ती आज सकाळी कुठून येणार? सुरुवातीला शोधायचं असतं ते एनएस१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन. म्हणून सरकारी पद्धतीत पहिल्या पाच दिवसांत एनएस१ची एलायझा (कार्डाऐवजी लॅबमध्ये होणारी रक्ततपासणी) करतात आणि त्यानंतर आयजीएमची. एनएस१ही हुकू शकतं, विशेषतः डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर. रक्त घेताना आम्ही "ताप कधीपासून?" विचारतो ते यासाठीच. "झाले दोन-तीन दिवस" असं मोघम सांगू नका, वार आठवून सांगा. सगळा अर्थ त्यावर ठरतो.

"आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे डेंग्यूच." आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची अँटीबॉडी, ती रक्तात वर्षानुवर्षं राहते. पूर्वी कधीतरी, कळतही नाही इतका हलका डेंग्यू होऊन गेला असेल, तरी ती दिसते. पण उलटंही होतं: दुसऱ्या खेपेला आयजीजी लवकर वाढते आणि आयजीएम जेमतेम असते. त्यामुळे नुसत्या आयजीजीवरून हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासून ती वाढली का, ते पाहावं लागतं.

"रेघ खोटं बोलत नाही." कार्डवर 'सी'पुढची रेघ कंट्रोलची. ती यायलाच हवी, नाहीतर कार्डच बाद. 'एम'पुढची, म्हणजे आयजीएमची रेघ कधी इतकी पुसट असते की ट्यूबलाइटखाली तिरकं धरून पाहावं लागतं. ठरलेली मिनिटं उलटल्यावर उमटलेली रेघ तर धरायचीच नसते. शिवाय झिका आणि जपानी मेंदूज्वर डेंग्यूचेच भाऊबंद, त्यांच्या अँटीबॉडीही कार्डाला फसवू शकतात. झिका लांबचा नाही. २०२१ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण पुरंदरच्या बेलसरला सापडला होता.

"ताबडतोब अ‍ॅडमिट व्हा." बरेच रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीत, पाणी-पेज आणि पॅरासिटामॉलवर घरीच बरे होतात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र मनानं घेऊ नका. अ‍ॅडमिट करायचं की नाही ते लक्षणं, बीपी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), प्लेटलेट पाहून ठरतं. आणि धोका अनेकदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांतलं काहीही दिसलं, तर कार्ड निगेटिव्ह असलं तरी त्याच रात्री दवाखाना गाठा.