सार्वजनिक रिव्हर्स लाइट

काल रात्री माझ्या गाडीच्या रिव्हर्स लाइटच्या उजेडात चौघांनी रमीचा डाव मांडला आणि मला गाडी मागे घ्यायला बंदी केली. गाडी माझी, दिवा मी स्वतः बनवलेला, पार्किंगची जागाही गल्लीच्या समजुतीप्रमाणे माझीच.

दिव्याचं थोडक्यात सांगतो. गाडीला मागे रिव्हर्सचा बल्ब एकच, २१ वॉटचा, पिवळट. दुसऱ्या बाजूला त्याच्यासारखंच दिसणारं रिकामं प्लास्टिक. आमची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली गल्ली एका अंगाला गटार आणि दुसऱ्या अंगाला लोकांच्या बुलेट, अशी. रात्री मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता रवा दिसतो. म्हणून उद्यमनगरातून १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी आणली, अॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवून बंपरखाली लावली आणि रिव्हर्स बल्बच्याच वायरीवरून, मध्ये फ्यूज टाकून, जोड घेतला. मागच्या बाजूला पांढरा उजेड रिव्हर्स सोडून एरवी पाडायचा नसतो, तेवढा कायदा मी पाळतो. पट्टीत तीन-तीन एलईडी आणि रेझिस्टर अशी साखळी असते. इंजिन चालू असलं की गाडीत १२ नव्हे, १४ च्या आसपास व्होल्ट येतात आणि पट्टी तापते, म्हणून ती उष्णता ओढून घ्यायला चॅनल. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मान वळत नाही का तुमची?"

तर काल रिव्हर्स टाकला, मागे लख्ख उजेड पडला, आणि ओरडा आला, "आं आं, तिथंच! तिथंच थांबवा!"

मला वाटलं, कुणाचं पोर मागे आलं. करकचून ब्रेक दाबला.

"ब्रेकवरचा पाय काढा ओ! लाल उजेड पडतोय, बदाम दिसंनात!"

उतरून बघितलं, तर माझ्या जागेत पोतं अंथरून चौघे बसलेले. ओरडणारे मामा उद्यमनगरात लेथवर जन्म घालवून रिटायर झालेले. हातातली पानं छातीशी धरून ते म्हणाले, "हॅण्डब्रेक वडा. इंजिन बंद करा. चावी आन ठेवा, गिअर रिव्हर्सलाच. दिवा जळतोय, प्याट्रोल जळत न्हाई."

"मामा, बॅटरी उतरेल."

"किती वॉटची पट्टी?"

"बारा."

"बल्ब एकवीस. झाले तेहतीस. भागिले बारा, तीन अँपिअर बी न्हाई. बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची. तीन तास निवांत चालतंय."

माणूस चुकत नव्हता, हाच खरा संताप. मग त्यांनी तक्रार केली, "उजेड जरा निळसर हाय." आता हे माझं दुखरं आणि आवडतं, दोन्ही. मी सांगितलं, पांढरी एलईडी मुळात निळीच असते, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेड पडला की पिवळी चमकणारी पूड, लावून पांढरी करतात. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना मिळालं. मामांनी पान टाकलं. "जपानी? मग टिकंल."

एरवी हीच मंडळी गाडी मागे घेताना आपण होऊन मार्गदर्शन करतात. आख्ख्या कोल्हापुरात रिव्हर्स घेणारा माणूस एकटा कधीच नसतो. पानटपरीवरचा, दूध घेऊन निघालेला, सगळे "येऊ द्या, येऊ द्या" करत हात हलवतात, आणि मागे धाडकन आवाज आला की "बास!" म्हणतात. मी पट्टी लावली ती निम्मी या "येऊ द्या"ला कंटाळून.

आणि मुळात एवढा खटाटोप का करावा लागला? कोपऱ्यावरच्या खांबाचा दिवा पावसाळ्याआधीच गेला. मी अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा गेलो, तर पोचेचा नंबर चुकीच्या वहीत निघाला. या चौघांपैकी एकजणही कधी तक्रारीला आला नाही. अंधारात ठेचकाळतील, पण सही करायला चला म्हटलं की कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा जावई आलेला असतो. काल पुन्हा विषय काढला, तर मामा म्हणाले, "आता कशाला? सोय झाली की."

एवढ्यात रिक्षावाला येऊन हॉर्न बडवायला लागला, कारण माझ्या गाडीचं तोंड अजून रस्त्यातच. मामांनी बसल्या जागेवरून त्याला हात केला, "मागनं जा लेका, हितं काम चाललंय." रिक्षावाला मला शिव्या देत वळला. मला, मामांना नव्हे.

"अहो मामा, मग मी गाडी लावू कुठं?"

"लावलीया की," मामा पत्ता उचलत म्हणाले, "हॅण्डब्रेक वडलाय न्हवं?"