मामांचे चिरे

जिप्सी घेतली तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, "ही फोंड्याच्या बाजारात उभी कुठे करणार?" ही गाडी बाजारासाठी नाहीच, असं मी तिला ठणकावून सांगितलं. त्यानंतर अकरा महिने ती फक्त बाजारातच गेली. नाही म्हणायला चतुर्थीला एकदा माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला उपयोगी पडली. गिअरच्या शेजारी चारही चाकांना जोर देणारा जो दुसरा, बुटका दांडा असतो, ज्याच्यापायी जुन्या गाडीला मी एवढे पैसे मोजले, त्या दांड्याला बायको पर्स अडकवायची.

म्हणून मी फोर-बाय-फोरवाल्यांच्या क्लबात शिरलो. वर्गणी भरली, टी-शर्ट मिळाला. टी-शर्टाच्या पाठीवर डोंगर होता, पोटावर दरी. माझ्या पोटावर दरीचीही टेकडी झाली, ते सोडा.

आता गोव्यात रानावनात गाडी घालायची म्हटलं तर घालणार कुठे? समुद्रकिनाऱ्यावर बंदी आहे. तिथे पर्यटक भाड्याची गाडी वाळूत रुतवून बसतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दिसतात. सत्तरी तालुक्यात २०८ चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य पसरलंय, पण तिथे चाक वळवलं की वनखातं. दूधसागरची वाट कुळ्याच्या जीपवाल्यांची. ती माणसं हंगामात रोज प्रवाशांनी भरलेली जीप ओढ्यातून पलीकडे काढतात, तीही बहुधा एका हाताने. त्यांना कुणी टी-शर्ट दिल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा आमच्या क्लबाची साहसभूमी म्हणजे अध्यक्षांच्या बायकोचे मामा. मामांची वाळपईच्या पुढे काजूची बाग आहे. बाग डोंगरावर, घर पायथ्याशी, आणि दोहोंच्या मधे जी वाट आहे तिला आम्ही 'ट्रेल' म्हणतो. मामा तिला 'गुरांची वाट' म्हणतात.

जूनचा पहिला रविवार ठरला. दोन दिवस पाऊस पडून गेला होता. सकाळी सहाला साखळी गावात जमायचं होतं, त्याप्रमाणे सगळे साडेसातला जमले. मग मिक्स भाजी, पाव, मिरची भजी, दोन-दोन चहा. नऊ वाजता अध्यक्षांनी सूचना दिल्या. पुढची गाडी त्यांची, शेवटची दातांच्या डॉक्टरांची जिम्नी, मधे आम्ही सहा जण. प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसत राहील असं चालायचं. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. नियम उत्तम आहे, फक्त त्यात एक गोची आहे. मागून तिसऱ्याने लघवीला गाडी थांबवली की पुढचे एकामागून एक थांबत जातात आणि अख्ख्या ताफ्याला त्याच्या प्रकृतीची बातमी लागते. साखळी ते मामांचं घर, नेहमीचा पाऊण तासाचा रस्ता आम्ही पावणेदोन तासांत कापला.

प्रत्येकाला एकेक वॉकीटॉकी दिली होती. माझी मी मांडीखाली ठेवली होती.

मामांच्या अंगणात टायरमधली हवा कमी करायचा विधी झाला. बत्तीसवरून वीसवर. टायर जरा पसरला की जमीन जास्त धरतो, हे शास्त्र खरं आहे. आठ गाड्यांचे बत्तीस टायर एकदम फुसफुसायला लागले तेव्हा मामांचा कुत्रा जो गोठ्यामागे गेला तो संध्याकाळपर्यंत दिसला नाही.

तेवढ्यात मामा म्हणाले, "रिकाम्या गाड्या वर चढायच्या नाहीत. मागे वजन हवं. वजन असलं की चाक धरतं."

अध्यक्षांनी गंभीरपणे मान डोलावली. आणि अंगणाच्या कडेला वजन तयारच होतं. जांभ्याचे चिरे, व्यवस्थित रचून ठेवलेले. एकेक पंचवीस-तीस किलोचा. आम्ही, म्हणजे एक दंतवैद्य, एक आर्किटेक्ट, एक निवृत्त इंजिनिअर, मी बँकवाला आणि बाकीचे, गाडीमागे सहा-सहा चिरे चढवायला लागलो. मामा मोजत होते. मला वाटलं, सुरक्षिततेसाठी मोजतायत.

निघालो. पाच मिनिटं झाली असतील, बायको म्हणाली, "तुला कळलं का काय चाललंय? त्यांना वर पंपाची खोली बांधायचीय. मामी आत्ताच सांगत होत्या. पाऊस पडल्यावर टेंपोवाला वर जायला नाही म्हणाला, आणि मग त्यांना तुमच्या क्लबाची आठवण झाली. आठ गाड्या, फुकट हमाल, वर पेट्रोलसुद्धा स्वतःचं!"

मी हसलो. बायको बोलत असताना माझ्या मांडीखालचं बटण दाबलं गेलं होतं हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं, की वॉकीटॉकीतून अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या मामांचा शांत आवाज आला, "बाय, जेवून जायचं हां. फणसाची भाजी केलीय."

पुढचा अर्धा तास गाडीत कुणी बोललं नाही.

आता रुतण्याकडे येतो. एका वळणावर पावसाने वाट खरवडून खोल चर पाडला होता. जांभ्यावरून वाहून आलेली तांबडी माती ओली झाली की साबण परवडला. माझं डावं मागचं चाक चरात गेलं आणि उजवं हवेत. डिफरन्शियल नावाचं एक यंत्र असतं. चाकांना ताकद वाटणं हे त्याचं काम, पण ज्या चाकावर काही भार नाही त्यालाच ते सगळी गती देतं. काम करणारं चाक चिखलात ढिम्म आणि रिकामटेकडं हवेत गरगर. आमच्या बँकेत हे तत्त्व इंजिनाशिवाय चालतं.

माझ्याभोवती सात पुरुष जमले. रुतलेल्या गाडीभोवती जमलेल्या पुरुषांइतका सुखी जीव मी पाहिलेला नाही. एक म्हणाला डावीकडे वळव, एक म्हणाला उजवीकडे, आर्किटेक्ट म्हणाला उतारच चुकलाय. इंजिनिअर खाली वाकून "हं" म्हणाले आणि तसेच वाकून राहिले, कारण त्यांची कंबर धरली. अध्यक्ष पुढे उभे राहून हाताने खुणा करत होते, त्यातली 'ये' आणि 'थांब' यांत फक्त करंगळीचा फरक होता. शेवटी दोर आणला. जिम्नीने मला ओढून काढलं.

दोराची गोष्ट जपून असावं अशी आहे. बँकेचं कर्ज फिटतं, दोराचं फिटत नाही. त्या दिवसापासून डॉक्टर मला कुठेही भेटले, लग्नात, मयताला, की विचारतात, "काय, रुतला नाहीत ना?" एकदा तर मी त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो.

दोर सोडत असताना मामा हळूहळू चालत आले. माझ्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, चाकाच्या मधल्या बोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कोणी फिरवायचं?"

जुन्या जिप्सीत आतला दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने 'लॉक'वर फिरवावे लागतात, तेव्हा कुठे पुढची चाकं कामाला लागतात. माझे दोन्ही 'फ्री'वर होते. म्हणजे आजवरच्या तीन सफरींत मी दोनच चाकांवर फिरत होतो आणि घरी येऊन चार चाकांच्या गोष्टी सांगत होतो.

मामा २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत खाणीवरच्या साहेबांची जीप चालवायचे, हे मला त्या क्षणी कळलं. अध्यक्षांना आधीपासून ठाऊक होतं. मग मामा पुढच्या गाडीत त्यांच्या शेजारी का बसले होते, हे मी विचारलं नाही.

मामांनी हब फिरवले. जिप्सी त्याच चरातून मान वर करून गेली. मग मला असा काही चेव चढला, की बाकीचे वर फोटो काढत असताना मी एकटा खाली येऊन चिऱ्यांची आणखी एक खेप नेली. दुसरीही नेली. तिसऱ्या वेळी मामांनी स्वतःहून पाणी आणून दिलं.

फणसाची भाजी फार सुरेख होती. परतीच्या आधी बत्तीस टायरांत पुन्हा हवा भरायला एकच छोटा पंप होता, तेव्हा घरी पोचायला रात्रीचे दहा झाले. बायकोने पर्स दांड्यावरून काढली आणि वर गेली.

बुधवारी मामांचा फोन आला. अध्यक्षांना नाही, थेट मला.

"चिरे चढले सगळे. आता सिमेंट आलंय," ते म्हणाले. "आणि हब घरूनच फिरवून या."