फोन कुणाचा, बेड कुणाचा?

आज सोसायटीच्या ग्रुपवर एकाने अभिमानाने टाकलं, 'साहेबांना एक फोन लावला, लगेच आयसीयूत बेड!' खाली टाळ्या आणि अंगठे. सकाळपासून संताप होतोय. तो बेड काय आभाळातून पडला? कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर कुणीतरी आधीपासून ताटकळत असेलच ना?

सासऱ्यांच्या छातीत कळा आल्या त्या रात्री आम्ही १०८ बोलावली होती. नाशिकच्या सिडकोतून सिव्हिलकडे निघालो. गाडीतली डॉक्टर अगदी लहान, माझ्या भाचीच्या वयाची. ती ईसीजी काढत असताना पायलटच्या, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरच्या, मोबाइलवर कुणा 'भाऊं'चा फोन. त्यांच्या पाहुण्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, गाडी आत्ताच्या आत्ता हवी. पोरीने तिच्या सरांना विचारलं. स्पीकरवर आम्हीही ऐकलं: "त्यांना माझा नंबर दे. तू पेशंट बघ."

बस्स. मला नेतृत्व म्हणजे एवढंच कळतं. वरच्याने शिव्या खाव्यात, खालच्याला काम करू द्यावं.

मान्य, घरचं माणूस तडफडत असलं की कुणीही ओळखी शोधतो. त्या नातेवाइकांवर माझा राग नाहीच. राग आहे तो फोन आला की यादी बदलणाऱ्या खुर्चीवर. कारण मग नकार द्यायचं ओझं रात्रपाळीच्या ज्युनिअरवर येतं, आणि मारही तोच खातो.

एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजन बेडसाठी अख्खं नाशिक वणवण करत होतं. ज्यांच्याकडे लावायला एकही नंबर नव्हता, त्यांचं काय झालं असेल? हे लिहिताना आत्ताही घशाशी येतं. त्या डॉक्टर पोरीचे सर 'भाऊं'ना घाबरले असते, तर आम्हीही त्यांच्यातलेच होतो.

आता २०२७ चा कुंभ तोंडावर आहे. २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी जखमींना लाल, पिवळे, हिरवे टॅग लावतात. लाल म्हणजे सगळ्यात गंभीर, तो आधी जातो. त्या टॅगवर हुद्दा लिहायला जागा नसते. म्हणून माझी मागणी साधी आहे: प्रत्येक घाटावर एकच वरिष्ठ डॉक्टर नेमा, कुणाला आधी न्यायचं यात त्याचाच शब्द अखेरचा. मंत्र्यांचे, महंतांचे, नगरसेवकांचे सगळे फोन त्याच्याकडेच जावेत, गाडीतल्या पोरांकडे नाही. त्याचं नाव आधीच जाहीर करा. आणि त्याने नकार दिला म्हणून त्याची बदली होणार नाही, हे लेखी द्या. मी जिल्हाधिकाऱ्यांना आज पत्र पाठवतेय. पटत असेल तर तुम्हीही पाठवा.