त्र्याण्णव किलो चारशे ग्रॅम

गेल्या शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, पुण्याच्या नाना पेठेतील एका भंगारवाल्याच्या काट्यावर, एक पितळी समई आणि कूलरचा जळलेला पंप यांच्यानंतर माझा क्रमांक लागला आणि माझे वजन करण्यात आले. मी त्या पेठेत गेलो होतो तो मोटारसायकलचे टायर घेण्यासाठी. टायरच्या दुकानातून मी त्या काट्यावर कसा पोहोचलो, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही आणि ज्या गृहस्थांमुळे पोहोचलो त्यांच्यावरचा रागही अद्याप पुरता उतरलेला नाही.

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे, जुनी, ४११ सीसीची. गाडीचे नाव हिमालयन असले, तरी तिने आजवर पाहिलेले सर्वांत उंच ठिकाण म्हणजे महाबळेश्वरची बाजारपेठ होय. एरवी ती कोथरूडहून हिंजवडीला कचेरीत जाते आणि कोथरूडला परत येते. तिचे मूळ टायर अठरा हजार किलोमीटरनंतर टकले झाले, पहिल्याच पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचे चाक एक गिरकी घेऊन आले, आणि टायर बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

साध्या गाडीचा मालक दुकानात जातो, ‘टायर द्या’ म्हणतो आणि टायर घेऊन येतो. साहसी मोटारसायकलच्या मालकाला ही सोय नाही. त्याला आधी आपले आयुष्य टक्केवारीत मांडावे लागते. टायर ८०-२० चा असतो, म्हणजे ८० टक्के डांबर आणि २० टक्के माती; ५०-५० चा असतो; आणि त्याही पलीकडे मोठमोठ्या ठोकळ्यांचा, निव्वळ चिखलासाठी जन्मलेला टायर असतो, जो डांबरावर घोंघावतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी देतो आणि पाहता पाहता झिजतो. हे सगळे मला ठाऊक होते. तरीही मला ठोकळ्यांचेच टायर हवे होते, कारण ते दिसतात छान. हे कारण मी मित्रांना सांगितले नाही, पत्नीला तर नाहीच नाही. तिला मी उमलिंग ला या खिंडीबद्दल सांगितले. ती लडाखमध्ये १९,०२४ फुटांवर आहे, तिथवर सीमा रस्ते संघटनेने रस्ता नेलेला आहे, आणि मी गेली सहा वर्षे तिथे ‘पुढच्या वर्षी’ जाणार आहे.

खरे पाहता ही टक्केवारी आपल्या शहरात लागूच पडत नाही. माझ्या घरापासून कचेरीपर्यंतच्या रस्त्यात डांबर किती आणि माती किती, हे आदल्या रात्री कोणी काय खणले यावर ठरते. एप्रिलमध्ये पाण्याच्या वाहिनीसाठी खणतात, मे महिन्यात केबलसाठी त्याच जागी पुन्हा खणतात, आणि जूनमध्ये त्या चरावर सिमेंटचे ठोकळे अशा कुशलतेने बसवतात की प्रत्येक ठोकळ्याची उंची वेगळी भरावी. रस्त्याचा कर मी गाडी घेतानाच एकरकमी भरलेला आहे. तो भरून वर या रस्त्यासाठी मीच हजारो रुपयांचे खास टायर घ्यायचे, याला साहस म्हणावे की दुसरे काही, हे मला कळत नाही. पण हा राग त्या गृहस्थांवरचा नव्हे. त्यांच्याकडे आता वळतो.

दुकान अगदी लहान होते. दुकानदार फोनवर होता, त्याच्या हाताखालचा पोरगा टॉमी नावाची लोखंडी पहार घेऊन कुणाच्या तरी स्कूटरचा टायर उतरवत होता, आणि टायरांच्या चळतीवर, सिंहासनावर बसावे तसे, एक सत्तरीचे गृहस्थ बसलेले होते. पांढरा सदरा, खिशात दोन पेने, पायांशी सायकल. ते केवळ सायकलीत हवा भरायला आलेले होते, आणि हवा भरून झालेली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजले.

दुकानदाराने माझ्यासमोर ठोकळ्यांचा एक टायर आणून ठेवला. तो मला पाहताक्षणीच आवडला. मी त्याच्यावरून हात फिरवत असताना चळतीवरून आवाज आला.

“जन्मतारीख पाहिलीत का?”

मी म्हणालो, “कोणाची?”

“टायरची. पोरा, फिरव जरा. तो लंबगोल शिक्का दिसतोय ना, त्यातले चार आकडे वाच.”

पोराने वाचले, “सदतीस वीस.”

“सन २०२० चा सदतिसावा आठवडा,” गृहस्थांनी डोळे मिटून हिशेब केला. “म्हणजे सप्टेंबरचा दुसरा आठवडा. म्हणजे पितृपक्ष. पितृपक्षातला, आणि त्यातून कोरोनातला. बघा बुवा, तुमची इच्छा.”

दुकानदार फोनवर हात ठेवून म्हणाला, “काका, कारखान्याला पितृपक्ष नसतो.”

“पण रबराला वय असतं ना?” काका म्हणाले. त्यांनी खिशातले पेन काढून त्याचे टोक टायरच्या ठोकळ्यात रोवण्याचा प्रयत्न केला. ते रुतले नाही. “कडक झालाय. ओल्यात सुटेल. पाच वर्षांवरचा माल तू यांच्या गळ्यात मारतोयस.”

ते एस. टी. महामंडळाच्या टायर विभागात ३२ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले होते. ही माहिती त्यांनी मी न विचारताच दिली. त्यांच्या बोलण्यात टायर हा शब्द क्वचितच येई. ते ‘हा’ आणि ‘तो’ म्हणत, जसे आपण भाच्या-पुतण्यांविषयी म्हणतो. ‘हा घाटातला,’ ‘तो सपाटीवरचा,’ ‘त्याला आम्ही दोनदा नवं रबर चढवून रिमोल्ड केला, तरी पठ्ठ्या धावत होता.’ एखाद्या मनुष्याला आपल्या कामाविषयी इतके प्रेम असावे, हे एरवी मला हृद्य वाटले असते. परंतु ते माझ्या शनिवारातले प्रेम होते, आणि दुपारी एकला माझ्या मेव्हण्याकडे जेवण होते.

दुकानदाराने कुरकुरत त्याच जातीचा ताजा टायर आतून आणला. आता विषय संपेल असे मला वाटले. पण काका चळतीवरून उतरले आणि त्यांनी टायरच्या कडेवरचे आकडे बोट ठेवून वाचायला घेतले. १२०/९०-१७. रुंदी १२० मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे १०८, आणि रिम १७ इंची. इथवर मला येत होते आणि मी ते त्यांच्याआधी म्हणून दाखवले. ते प्रसन्न झाले नाहीत.

“आणि हा चौसष्ट?”

“वजनाचा निर्देशांक,” मी म्हणालो.

“म्हणजे किती?”

मी गप्प राहिलो.

“दोनशे ऐंशी किलो. गाडी किती वजनाची?”

“पुस्तिकेत १९९ लिहिलंय.”

“आणि तुम्ही?”

येथे मी खोटे बोललो. मी म्हणालो, “ब्याऐंशी.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. स्कूटरवाला ग्राहक, जो इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्यानेही पाहिले. पोराने टॉमी खाली ठेवला.

“ब्याऐंशी?” काका म्हणाले. ते आवाज चढवून बोलले नाहीत. एखाद्या चालकाने टायर आपोआप फुटला म्हणून सांगितल्यावर ते ज्या स्वरात बोलत असतील, त्याच स्वरात बोलले. “शेजारी काटा आहे. दोन मिनिटांचं काम आहे. टायरशी खोटं बोलू नये, तो घाटात वसूल करतो.”

मी नकार द्यायला हवा होता. मी चाळीस वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली अकरा माणसे काम करतात, आणि ज्या मनुष्याचे नावही मला ठाऊक नाही त्याच्या मागोमाग मी मुकाट्याने भंगाराच्या दुकानात गेलो. समईवाल्या बाईंनी मला पुढे जाण्याची सवलत देऊ केली. मी ती नाकारली आणि रांगेत उभा राहिलो, हे आठवले की अजून कानशिले तापतात. मी काट्यावर चढलो, तेव्हा भंगारवाल्याने मान वर न करताच विचारले, “पत्रा का पितळ?”

आकडे थरथरले आणि ९३.४ वर थांबले.

मी लगेच सांगितले की अंगात जॅकेट आहे, पायांत जाड तळव्यांचे बूट आहेत आणि हातात हेल्मेट आहे, ते एकटेच दीड किलोचे आहे. हे सगळे वजा करायला हवे.

“गाडी चालवताना काढून ठेवता का?” काकांनी विचारले.

याला उत्तर नव्हते. भंगारवाला म्हणाला, “आमच्याकडे कडता कापत नाहीत.”

आम्ही परत आलो. काकांनी पोराकडून पिवळा खडू मागून फरशीवर बेरीज मांडली. १९९ अधिक ९३.४, म्हणजे २९२.४. “आणि हा घेतो दोनशे ऐंशी,” ते म्हणाले, आणि खडू खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हणालो, “काका, गाडीला दोन चाकं असतात. पुढच्या टायरचा निर्देशांक ५४ आहे, तो २१२ किलो घेतो असं इथं तक्त्यावर लिहिलंय. दोन्ही मिळून ४९२ होतात. मागं बायको बसली आणि दोन्ही पेट्या भरल्या तरी मी हद्दीत आहे.”

“ते मला माहीत आहे,” काका शांतपणे म्हणाले. “तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो.”

म्हणजे वजन करण्याची काहीही गरज नव्हती! मी ब्याऐंशी असतो, त्र्याण्णव असतो किंवा एकशे दहा असतो, तरी टायरला त्याचे सोयरसुतक नव्हते. हे त्यांना चळतीवर बसल्या जागी ठाऊक होते. हे आठवले की मला आजही रात्री कूस बदलावी लागते.

त्यानंतर त्यांनी मूळ प्रश्न विचारला, जो त्यांनी खरे तर पहिल्यांदाच विचारायला हवा होता. “चालवता कुठं?” मी उमलिंग ला म्हणणार होतो, परंतु एव्हाना माझ्यात खोटे बोलण्याचे बळ उरलेले नव्हते. हिंजवडी म्हणालो. “मग ८०-२० चा घ्या. ट्रॅक्टरची नक्षी घेऊन डांबरावर कशाला नाचता?”

सल्ला योग्य होता. तो इतका योग्य होता की मी जागच्या जागी ठोकळ्यांचेच दोन टायर घेतले, आणि ट्यूबाही नव्या घेतल्या, कारण माझ्या गाडीचे रिम आऱ्यांचे आहेत, आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते आणि म्हणून तिला ट्यूबलेस चालत नाही. पुढच्या २१ इंची ट्यूबसाठी पोराला आणखी दोन दुकाने पालथी घालावी लागली. शेवटी त्याने विचारले, “साहेब, नायट्रोजन भरू?” मी हो म्हणणार, तोच काका सायकलीवर टांग टाकता टाकता म्हणाले, “हवेत तो ७८ टक्के फुकट असतो. उरलेल्याचे पैसे देणार का?” आणि ते गेले. मी नायट्रोजन भरला. त्याचे पैसेही दिले.

मेव्हण्याकडे मी पावणेतीनला पोहोचलो. कुणीही जेवायला थांबलेले नव्हते, आणि एका अर्थी ते बरेच झाले, कारण त्या दिवशी दुसरी पोळी घेण्याची माझी हिंमत झाली नसती.

टायर घोंघावतात. चांदणी चौकाच्या उतारावर तर असा आवाज येतो की पुढचा रिक्षावाला मागे वळून पाहतो. ओल्या रस्त्यावर मी आता म्हशीच्या गतीने जातो. हे सगळे सोसता आले असते. परंतु सोमवारी कचेरीच्या वाहनतळावर गाडी लावताना मला दिसले की मागच्या टायरच्या कडेवर, पिवळ्या खडूने, ठळक अक्षरांत ९३.४ असे लिहिलेले आहे. ते पोराने स्वतःहून लिहिले की काकांच्या सांगण्यावरून, हे मी विचारायला गेलेलो नाही, जाणारही नाही. तो खडू साधा नसावा. साबणाने जात नाही, रॉकेलनेही फक्त फिकट होतो.

पहारेकरी जवळ आला, वाकून आकडा वाचला आणि म्हणाला, “साहेब, हे काय लिहिलंय?”

मी म्हणालो, “हवेचा दाब.”

तो थोडा वेळ टायरकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. “फार होतोय, साहेब,” तो म्हणाला. “जरा कमी करा.”