तालुक्याचे महाविद्यालय बंद करण्याचा हिशेब आणि त्यात न धरलेले अंतर

सध्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बारावी झाली की कोकणातली मुले मुंबई-पुण्याला जातात, त्यामुळे तालुक्याची महाविद्यालये ओस पडली आहेत, तरीही सरकार त्यांच्यावर पैसा उधळते. मुलींचे शिक्षण आता मोफत झाले आहे आणि उरलेल्यांसाठी ऑनलाइन पदवी आहे. म्हणून ही महाविद्यालये बंद करून जिल्ह्याला एकच मोठे महाविद्यालय ठेवावे आणि अमेरिकेप्रमाणे ‘कम्युनिटी कॉलेज’ काढावीत. अशाच एका लहान महाविद्यालयात मी 22 वर्षे शिकवले. हा संदेश मला माझ्याच माजी विद्यार्थ्यांकडून आला, आणि त्यांपैकी काहींना तो पटलेलाही आहे; म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मुले बाहेर जातात, हे खरेच आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. परंतु त्याच 2011 च्या जनगणनेतला दुसरा आकडा संदेशात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. घरातला मुलगा मामाकडे किंवा काकांच्या खोलीवर डोंबिवली-नालासोपाऱ्याला राहून शिकतो वा नोकरीला लागतो. मुलगी, आजी-आजोबा, गुरे आणि शेती मागे राहतात. सर्वच मुले गेली, असा निष्कर्ष काढणाऱ्याने मुलींना हिशेबात धरलेलेच नाही. महाविद्यालय ज्यांच्यासाठी चालते, ती मुले अजून गावातच आहेत.

माझ्या वर्गात खाडीपलीकडच्या एका वाडीतल्या मुली वस्तीच्या गाडीने येत. रात्री गावात मुक्कामाला आलेली एसटी पहाटे सहाला सुटे, सव्वासातला त्या फाट्यावर उतरत आणि तेथून चढण चालून येत. तासिका साडेबाराला संपत. परतीची गाडी साडेतीनला. मधले तीन तास त्या वाचनालयात बसत, तेथेच डबा उघडत, आणि ग्रंथपालांनी ‘डबा व्हरांड्यात खा’ असे त्यांना कधी सांगितले नाही, कारण पावसाळ्यात व्हरांड्यात पागोळ्यांचे पाणी येई. ज्या दिवशी वस्तीची गाडी नादुरुस्त होई, त्या दिवशी हजेरीपटावर एका वाडीची सगळी नावे एकदम गैरहजर लागत. जिल्ह्याला एकच महाविद्यालय ठेवायचे तर मंडणगड तालुक्यातल्या मुलीने रत्नागिरी शहर गाठायचे. हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. ते रोजचे जाणे-येणे नव्हे, तेथे राहावेच लागेल, आणि तेवढ्यासाठी घरातले तिला पाठवतील की नाही, हे गावात राहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

येथेच ‘मोफत शिक्षणा’चा मुद्दा तपासून घेतला पाहिजे. 2024-25 पासून राज्य सरकारने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. हा निर्णय चांगला आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. परंतु ही सवलत शुल्काची आहे. खोलीचे भाडे, खानावळ, प्रवास आणि पुस्तके यांचा खर्च त्यात येत नाही. एसटीचेच पाहा : बारावीपर्यंत मुलींना पास मोफत मिळतो, पदवीला प्रवेश घेतला की पासाची एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. घरापासून महाविद्यालय जितके लांब, तितका हा शुल्काबाहेरचा खर्च वाढत जातो, आणि तो कोणत्याही शुल्कमाफीने भरून निघत नाही.

‘सरकार पैसा उधळते’ या विधानाला आधार नाही. या शतकाच्या सुरुवातीपासून राज्यात नव्या महाविद्यालयांना प्रामुख्याने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी मिळत आली आहे. म्हणजे कोकणातल्या अनेक लहान महाविद्यालयांत शिक्षकांच्या पगाराचा रुपयाही शासनाकडून येत नाही. जी अनुदानित आहेत, तेथे पदे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरचे सहकारी शिकवतात. शिकवलेल्या तासांचेच मानधन, तेही महिनोन्‌महिने उशिरा, आणि मे महिन्यात काहीच नाही, अशा स्थितीत पीएच.डी. झालेले तरुण उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरायला जाताना मी पाहिले आहेत. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने 1966 मध्ये केली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तीच पुन्हा लिहावी लागली. यास उधळपट्टी म्हणता येणार नाही.

ऑनलाइन पदवीबद्दल एवढेच सांगतो. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात दरीतल्या वाडीला नेटवर्क मिळवण्यासाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढावे लागते. शिवाय नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे बहुधा अशाच स्थानिक महाविद्यालयांच्या इमारतींत चालतात. महाविद्यालयाला कुलूप लागले की घरबसल्या शिकणाऱ्या गृहिणीचे परीक्षाकेंद्रही जाते.

अमेरिकेचे उदाहरण तर संदेशाच्या म्हणण्याच्या अगदी उलट आहे. तेथील पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज 1901 मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाले. विद्यार्थ्याने घरी राहून, जवळच्या संस्थेत, कमी शुल्कात पहिली दोन वर्षे शिकावे आणि मग हवे तर विद्यापीठात जावे, हा त्यामागचा विचार. त्यांचा खर्च विद्यार्थ्यांचे शुल्क, राज्याचा निधी आणि अनेक ठिकाणी स्थानिक मालमत्ता कर यांतून चालतो. म्हणजे आपल्या भागात महाविद्यालय असावे म्हणून तेथील रहिवासी स्वतः कर भरतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तीही चालू महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना जोडूनच. आधीची महाविद्यालये मोडून ती कशाला जोडणार?

मोठ्या संस्थेच्या बाजूने 2020 च्या धोरणाचा दाखला दिला जातो. त्या धोरणात मोठ्या, बहुविद्याशाखीय संस्थांचा आग्रह आहे, हे मान्य. त्याच धोरणात 2035 पर्यंत उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण 50 टक्क्यांवर नेण्याचे आणि वंचित भागांत अधिक संस्था उभारण्याचेही उद्दिष्ट आहे. आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे दर पाच वर्षांनी होणाऱ्या बृहत् आराखड्याचे, म्हणजे कोठे कोणती महाविद्यालये असावीत याच्या विद्यापीठाच्या नियोजनाचे, कामच मुळी महाविद्यालयांचे वाटप समतोल राखण्याचे आहे.

संदेशातली एक तक्रार मात्र मी नाकारत नाही. आमचे अभ्यासक्रम कोकणाकडे पाहत नाहीत. काजू प्रक्रिया, मत्स्यव्यवसाय, पर्यटन यांचा उल्लेख बी.ए., बी.कॉम.च्या तासाला क्वचितच होतो. परीक्षा नेमकी आंबाकाढणीच्या दिवसांत येते आणि बागायतदाराचा मुलगा पहाटे झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे उतरवून अकराच्या पेपरला बसतो. हे बदलण्यासाठी रिक्त पदे कायमस्वरूपी भरायला हवीत, परीक्षेचे वेळापत्रक ठरवताना येथील प्राचार्यांना विचारायला हवे, आणि परतीची एसटी तासिका संपल्यावर अर्ध्या तासात सुटायला हवी. या शेवटच्या मागणीचे निवेदन आमच्या विद्यार्थिनींनी आगारात तीनदा दिले. निवृत्तीच्या दिवशी मी फाट्यावर थांबलो होतो, तेव्हाही गाडी साडेतीनलाच आली.